‘येस सर’च्या पुढचे वाक्य

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने इंग्रजीच्या शिक्षकाकडून लेख मागितला, तेव्हा आठवणी लिहाव्यात की पाठ लिहावा, असा प्रश्न माझ्यापुढे होता. आठवणी लिहिणारे पुष्कळ आहेत आणि ते माझ्याहून चांगले लिहितात. म्हणून मी पाठच लिहावयाचे ठरवले. ज्या माजी विद्यार्थ्यांनी माझ्या तासाला खिडकीबाहेर पाहत वेळ काढला, त्यांनी हा राहून गेलेला पाठ समजावा. ज्या पालकांची मुले आज वसतिगृहात आहेत, त्यांनी शेवटचा भाग विशेष लक्ष देऊन वाचावा, कारण तो त्यांच्यासाठीच आहे.

काही वर्षांपूर्वी आपला एक माजी विद्यार्थी पुण्याहून मुलाखत देऊन थेट शाळेत आला. पदविका परीक्षेत त्याला चांगले गुण होते, लेखी चाचणीही तो उत्तीर्ण झाला होता. मुलाखतीत काय काय विचारले, असे मी त्याला विचारले आणि आम्ही दोघांनी ते संभाषण कागदावर जसेच्या तसे मांडले.

‘व्हेअर आर यू फ्रॉम?’
‘बीड, सर.’
‘हाऊ डिड यू कम हिअर टुडे?’
‘बस, सर.’
‘डू यू हॅव एनी एक्स्पिरियन्स?’
‘नो, सर.’
‘व्हॉट डू यू डू इन युवर फ्री टाइम?’
‘नथिंग, सर.’
‘ओके. थँक यू.’

चार मिनिटांत मुलाखत संपली. यातील एकही उत्तर चुकीचे नव्हते. व्याकरणाची चूक शोधूनही सापडली नसती, कारण चूक होण्याइतके वाक्यच त्याने उच्चारले नव्हते. आता वस्तुस्थिती पाहा. तो बसने आला खरा, पण रात्री अकराची एसटी धरून, पहाटे बसस्थानकावरच्या नळावर तोंड धुऊन आणि इस्त्रीचा शर्ट पिशवीतून काढून. अनुभव नाही म्हणाला, पण दोन उन्हाळे त्याने विहिरीवरच्या मोटारी रिवाइंडिंग करण्याच्या दुकानात काम केले होते. मोकळ्या वेळात काहीच करत नाही म्हणाला, आणि गावातला प्रत्येक बिघडलेला पंखा त्याच्या ओसरीवर येऊन पडत असे. हे सारे इंग्रजीत सांगण्यासाठी जे शंभर-दीडशे शब्द लागतात, ते त्याला येत होते. मीच ते त्याला शिकवले होते.

परंतु मी आणखीही एक गोष्ट त्याला शिकवली होती. ‘एका वाक्यात उत्तरे लिहा’ हा प्रश्नपत्रिकेतला मथळा आपण वर्षानुवर्षे मुलांच्या मनावर बिंबवतो. एका गुणाचा प्रश्न, एका ओळीचे उत्तर. जास्त लिहिले तर वेळ जातो, शिवाय चूक होण्याचा धोका. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीच्या वर्गातच इंग्रजी सुरू होते. म्हणजे दहावी झालेला मुलगा दहा वर्षे इंग्रजी शिकलेला असतो. या दहा वर्षांत त्याला हजारो प्रश्न विचारले जातात, पण जवळजवळ सगळे प्रश्न असे, की विचारणाऱ्याला उत्तर आधीच ठाऊक असते. धड्यातला राजा कोण होता हे शिक्षकाला माहीत असते. अशा प्रश्नाला एक शब्द पुरतो. मुलाखत घेणाऱ्याला, रेल्वेतल्या सहप्रवाशाला किंवा दवाखान्यातल्या डॉक्टरला मात्र उत्तर खरोखरच ठाऊक नसते. तो माहितीसाठी विचारत असतो आणि पुष्कळदा माहितीपेक्षाही बोलणे सुरू व्हावे म्हणून विचारत असतो.

येथे एका गैरसमजाचा उल्लेख करावयास हवा. आम्ही शिक्षक मुलांना ‘पूर्ण वाक्यात उत्तर दे’ असे सांगतो आणि आपले काम झाले असे मानतो. पूर्ण वाक्य आणि भरीव उत्तर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘डू यू लाइक मँगोज?’ या प्रश्नाला ‘येस, आय लाइक मँगोज’ हे पूर्ण वाक्य आहे. पण त्यात प्रश्नातलेच शब्द परत केले, नवे काही दिले नाही. ‘येस, बट ओन्ली फ्रॉम अवर ओन ट्री’ हे व्याकरणाच्या दृष्टीने अर्धेच वाक्य आहे. पण ते ऐकताच समोरचा माणूस विचारील, की तुमच्या घरी आंब्याचे झाड आहे का. संभाषण सुरू झाले.

ही कला आपल्याला परकी आहे असे कोणी समजू नये. गावच्या रस्त्यावर ‘कुठं निघालात?’ असे कोणी विचारले, तर ‘बाजाराला’ एवढेच म्हणून कोणी पुढे जात नाही. ‘जरा बाजाराला निघालो. पोरीला वह्या घ्यायच्यात, शाळा सुरू झाली ना. तुमचं काय, पेरणी उरकली का?’ असे आपण बोलतो. यात पहिले वाक्य हे उत्तर आहे, दुसरे तपशील आहे आणि तिसरे परतीचा प्रश्न. आपल्या निरक्षर आजीलाही ही तीन पावले चालता येतात. इंग्रजीत बोलू लागताच मात्र आपण पहिल्या पावलावर थबकतो आणि समोरच्याकडे असे पाहतो, जणू त्याने आपल्याला फळ्यापाशी उभे केले आहे.

म्हणून पाठाचा नियम एवढाच: उत्तर, मग एखादा खरा तपशील, आणि जमल्यास परतीचा प्रश्न. तपशील खरा असावा यावर माझा विशेष भर आहे. मार्गदर्शक पुस्तकांतून पाठ केलेले ‘माय हॉबी इज रीडिंग बुक्स’ हे वाक्य मुलाखत घेणाऱ्याने त्या दिवशी वीस वेळा ऐकलेले असते. तो लगेच विचारतो, कोणते पुस्तक. आणि आपला गडी गप्प होतो. पाठ केलेल्या उत्तराला दुसरा प्रश्न पेलत नाही.

पहिला प्रश्न घेऊ: ‘व्हेअर आर यू फ्रॉम?’

समोरचा माणूस जिल्ह्याबाहेरचा असेल तर केवळ गावाचे नाव सांगून उपयोग नसतो, आणि नुसता जिल्हा सांगितला तर त्याच्या डोळ्यांपुढे काही उभे राहत नाही. गावाची ओळख त्याला माहीत असेल अशा ठिकाणाच्या आधाराने द्यावी आणि मग गावाचे एखादे वैशिष्ट्य सांगावे. माजलगाव तालुक्यातल्या एका मुलाने वर्गात तयार केलेले उत्तर असे होते: ‘आय ॲम फ्रॉम अ स्मॉल व्हिलेज नियर माजलगाव, इन बीड डिस्ट्रिक्ट. देअर इज अ बिग डॅम ऑन द सिंदफणा रिव्हर, बट अवर व्हिलेज इज ऑन द राँग साइड, सो अवर वेल गोज ड्राय इन मार्च.’ गाव धरणाच्या चुकीच्या बाजूला आहे, हे शब्द मी त्याला सांगितलेले नव्हते. ते त्याच्या वडिलांचे मराठी वाक्य होते, त्याने इंग्रजीत आणले. ‘माय नेटिव्ह प्लेस इज’ असे आपल्याकडे सर्रास म्हणतात. ते भारतात सर्वांना कळते आणि त्यासाठी कोणाला हसण्याचे कारण नाही. पण ‘आय ॲम फ्रॉम’ अधिक साधे आहे व जगभर चालते.

दुसरा प्रश्न, ‘हाऊ आर यू?’, याविषयी उलट सांगावे लागते. येथे भरीव उत्तर नको. कोणीही इंग्रजी बोलणारा हा प्रश्न विचारतो तेव्हा त्याला आपल्या पोटदुखीची हकिगत नको असते. ‘फाइन, थँक यू. हाऊ आर यू?’ एवढे पुरे. आमच्या एका उत्साही विद्यार्थ्याने तीन पावलांचा नियम इतका मनावर घेतला, की शाळेत आलेल्या पाहुण्यांनी त्याचे नाव विचारताच त्याने नाव, त्याचा अर्थ, ते कोणी ठेवले, धाकट्या भावाचे नाव आणि त्या भावाला झालेला कावीळ, सारे सांगून टाकले. पाहुणे सज्जन होते, उभ्याने ऐकत राहिले. दोन-तीन वाक्ये बोलून थांबावे. समोरच्याला हवे असेल तर तो पुढे विचारतो.

आता ज्या प्रश्नापाशी माझे खरे शिक्षण झाले, त्या प्रश्नाकडे येतो: ‘व्हॉट डज युवर फादर डू?’

हा प्रश्न मी वर्गात विचारला, की निम्म्याहून अधिक मुले म्हणत, ‘फार्मर, सर.’ प्रवेश अर्ज मी स्वतः भरून घेतलेले असल्यामुळे कोणाच्या घरी जमीन आहे आणि कोणाच्या नाही, हे मला ठाऊक होते. आठवीतली एक मुलगी अशीच ‘फार्मर’ म्हणून खाली बसली. तिचे आईवडील दरवर्षी दिवाळी झाली की मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात जात आणि कारखान्याचा पट्टा पडला की परत येत. ती वसतिगृहात होती त्याचे कारणच ते होते. तिला शब्द येत नसावेत असे समजून मी फळ्यावर शब्द लिहिले: शुगरकेन, फॅक्टरी, सीझन, लेबर काँट्रॅक्टर. ती वहीत उतरवत होती, पण वर पाहत नव्हती. मग माझ्या लक्षात आले, की अडचण शब्दांची नाही.

आपल्या समाजातल्या मुलांना काही प्रश्नांची ओळख फार लहानपणीच होते. नाव विचारणारा नावावर थांबत नाही, तो आडनाव विचारतो. आडनावावरून उलगडा झाला नाही तर गाव, मग गावातली वस्ती, मग वडील काय करतात. प्रत्येक उत्तरागणिक विचारणाऱ्याचा चेहरा कसा बदलत जातो, हे मुलाने पाहिलेले असते. अशा मुलाने कमीत कमी बोलण्याची सवय लावून घेतली, तर तिला बुजरेपणा किंवा इंग्रजीची भीती म्हणणे चूक ठरेल. तो त्याचा सावधपणा आहे आणि त्याला तो अनुभवाने आलेला आहे. कित्येक वर्षे मी या सावधपणाला ‘कच्चे इंग्रजी’ समजून त्यावर व्याकरणाचे उपचार करत राहिलो, याची मला खंत वाटते.

त्या दिवशी मी प्रश्न बदलला. वडील काय करतात असे न विचारता, ‘दिवाळीनंतर तुमच्या घरी काय काय होते ते मला इंग्रजीत समजावून सांग, मला त्यातले काही ठाऊक नाही,’ असे म्हणालो; आणि ते बरेचसे खरेही होते. ती थांबत थांबत सांगू लागली. वर्गातली आणखी सात-आठ मुले मध्ये मध्ये शब्द पुरवू लागली. तासाच्या शेवटी फळ्यावर हे उभे राहिले: ‘माय पेरेंट्स कट शुगरकेन. एव्हरी इयर, आफ्टर दिवाली, दे गो टु वेस्टर्न महाराष्ट्र, अँड दे कम बॅक इन मार्च ऑर एप्रिल. दे वर्क इन पेअर्स. दॅट इज व्हाय आय लिव्ह इन अ हॉस्टेल.’ जे काम नेहमी, दरवर्षी घडते त्यासाठी साधा वर्तमानकाळ येतो: ‘कट’, ‘गो’, ‘कम’, ‘वर्क’. ‘दे आर कटिंग’ असे फक्त या क्षणी चाललेल्या तोडीविषयी म्हणता येईल. हा नियम मी त्याआधी निदान दहा वेळा शिकवला असेन. त्या तासाला तो पहिल्यांदा कामी आला.

‘पेअर्स’ या शब्दाचे कारण सांगतो. कोयत्याला इंग्रजीत काय म्हणतात, असे एकाने विचारले. नेमका शब्द देण्यापेक्षा ‘अ बिग कर्व्ह्ड नाइफ’ म्हणावे, म्हणजे कोणालाही कळेल, असे मी सांगितले. त्यावर ती मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, ‘नो, सर. कोयता इज टू पीपल.’ ऊसतोडीच्या हिशेबात नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरतात, उचलही कोयत्यावर मिळते, हे ती मला सांगत होती. माझ्या तासाला तिने आपणहून उच्चारलेले ते पहिले इंग्रजी वाक्य. त्यात सुधारण्यासारखे काही नव्हते.

म्हणून मुलांनी प्रत्येक ठिकाणी प्रत्येकाला सारे सांगावे, असे माझे म्हणणे नाही. अंगुत्तर निकायाच्या चतुक्कनिपातात प्रश्नांना सामोरे जाण्याचे चार प्रकार सांगितले आहेत. काही प्रश्नांना सरळ उत्तर द्यावयाचे असते, काहींना विभागून, म्हणजे फोड करून; काहींना प्रतिप्रश्न करून; आणि काही प्रश्न बाजूला ठेवावयाचे असतात. ते वर्गीकरण धम्माच्या चर्चेसाठी आहे, इंग्रजीच्या तासासाठी नाही, याची मला जाणीव आहे. तरीही वर्गात ते सांगितल्यावर मुलांना जेवढे पटकन समजले, तेवढे माझे कुठलेही व्याकरण समजले नाही.

‘व्हॉट टाइम डू यू गेट अप?’ याला सरळ उत्तर आहे: ‘आय गेट अप ॲट फाइव्ह. अवर डे बिगिन्स विथ वंदना, अँड ब्रेकफास्ट इज ॲट सेव्हन.’ ‘डू यू नो कॉम्प्युटर्स?’ याला मात्र हो किंवा नाही म्हणणे दोन्ही खोटे ठरते. तेथे फोड करावी: ‘आय कॅन टाइप इन मराठी अँड इंग्लिश, बट आय हॅव नॉट लर्न्ट एक्सेल येट.’ अनुभवाच्या प्रश्नाला ‘नो, सर’ म्हणणाऱ्या आपल्या त्या विद्यार्थ्याचे उत्तरही याच जातीचे असावयास हवे होते: ‘आय हॅव नॉट हॅड अ रेग्युलर जॉब, बट आय वर्क्ट इन अ मोटर रिवाइंडिंग शॉप फॉर टू समर्स. आय कॅन रिवाइंड अ पंप मोटर मायसेल्फ.’ प्रश्न कळला नाही तर घाबरून ‘येस, सर’ म्हणू नये. ‘सॉरी, कुड यू से दॅट अगेन?’ किंवा ‘डू यू मीन माय कॉलेज ऑर माय स्कूल?’ असे विचारावे. असे विचारल्याने गुण कमी होत नाहीत. आणि ज्या प्रश्नाचा कामाशी संबंध नाही, ज्यामागचा हेतू आपल्याला ओळखीचा आहे, तो प्रश्न शांतपणे बाजूला ठेवण्यासाठीही इंग्रजीत वाक्य आहे: ‘आय वुड रादर टॉक अबाउट माय वर्क.’ हे वाक्य मी आता दहावीच्या प्रत्येक तुकडीकडून मोठ्याने म्हणवून घेतो. काय सांगावयाचे आणि काय नाही, हे ज्याला स्वतः ठरवता येते, तोच मोकळेपणाने बोलू शकतो. त्या आठवीतल्या मुलीनेही पुढे काही ठिकाणी ऊसतोडीविषयी सांगितले असेल, काही ठिकाणी नसेल; निवड तिची.

व्याकरणाविषयी थोडे सांगतो, कारण आपल्या मराठीच्या सवयी इंग्रजीत कोठे अडखळतात हे कळले तर पुष्कळ कष्ट वाचतात. मराठीत ‘काल बाजारात गेलो, वह्या घेतल्या’ असे म्हटले, तरी कोण गेले ते क्रियापदावरून कळते. इंग्रजी क्रियापद असे काही सांगत नाही, म्हणून ‘यस्टरडे वेंट टु मार्केट’ असे म्हटले की ऐकणारा विचारात पडतो, कोण गेले? प्रत्येक वाक्याला ‘आय’, ‘वी’, ‘दे’ असा धनी द्यावाच लागतो. दुसरी अडचण ‘मला दोन भाऊ आहेत’ या धाटणीची. तेथे ‘आय हॅव टू ब्रदर्स’ म्हणावे. ‘आय ॲम हॅविंग’ म्हणू नये. ‘गेली चार वर्षे’ यासाठी ‘सिन्स फोर इयर्स’ असे आपल्याकडे मोठमोठ्यांच्या तोंडी ऐकू येते. काळाची लांबी सांगताना ‘फॉर फोर इयर्स’, सुरुवातीचा क्षण सांगताना ‘सिन्स जून’. ‘डिड’ने विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देताना तो ‘डिड’ उचलून ‘आय डिड वेंट’ असे होते. तो प्रश्नातच राहू द्यावा आणि आपण ‘आय वेंट’ म्हणावे.

सर्वांत फसवा प्रश्न नकारार्थी असतो. ‘तुला चहा आवडत नाही का?’ असे मराठीत विचारले, तर आपण म्हणतो, ‘हो, नाही आवडत.’ येथे आपण विचारणाऱ्याच्या अंदाजाला ‘हो’ म्हणतो. इंग्रजीत ‘डोन्ट यू लाइक टी?’ या प्रश्नाला, चहा आवडत नसेल तर ‘नो, आय डोन्ट’ असेच म्हणावे लागते आणि आवडत असेल तर ‘येस, आय डू’. ‘येस’च्या मागे नकार येत नाही. मुलाखतीत ‘हॅव यू नॉट ब्रॉट युवर सर्टिफिकेट्स?’ या प्रश्नाला ‘येस, सर’ म्हणून कागद न आणलेले उमेदवार आणि तो होकार ऐकून कागदांची वाट पाहणारे अधिकारी, हा घोटाळा मी प्रत्यक्ष पाहिला आहे.

या लेखात सारे इंग्रजी देवनागरीत लिहिले आहे, ते पालकांनाही मोठ्याने वाचता यावे म्हणून. मात्र त्यातही सावध राहावे. भूतकाळी क्रियापदाच्या शेवटी आपण पुस्तकात एकच अक्षरजोडी पाहतो, पण तिचे उच्चार तीन आहेत: ‘वॉश्ट’, ‘कुक्ट’, ‘हेल्प्ट’ येथे ट, ‘प्लेड’, ‘क्लीन्ड’ येथे ड, ‘वाँटेड’, ‘व्हिजिटेड’ येथे वेगळे अक्षर. रविवारी काय केले, या प्रश्नाचे उत्तर वसतिगृहातल्या मुलांना याच क्रियापदांनी द्यावे लागते, म्हणून ती जिभेवर बसली पाहिजेत. ‘आय वॉश्ट माय क्लोद्स, हेल्प्ट इन द किचन अँड प्लेड कबड्डी’ असे म्हणणाऱ्याचा रविवार रिकामा गेला असे कोणी म्हणणार नाही.

सरावाची वेळ आम्ही संध्याकाळच्या अभ्यासानंतरची ठेवली आहे, भोजनगृहाकडे जाताना. दोघांनी जोडीने चालावयाचे. एकाने एक प्रश्न विचारावयाचा आणि त्याच धाग्याने आणखी दोन. मग भूमिका बदलावयाच्या. चालताना कोणी कोणाची चूक काढावयाची नाही, हा एकच कडक नियम. चूक काढली की बोलणारा पुन्हा एका शब्दावर येतो. शिक्षकाने ऐकलेल्या चुका दुसऱ्या दिवशी वर्गात, नावे न घेता सांगाव्यात. बसून केलेल्या सरावापेक्षा चालताना केलेला सराव चांगला उतरतो, असे मला दिसून आले आहे. समोरासमोर पाहावे लागत नाही म्हणूनही असेल, ताट वाट पाहत असते म्हणूनही असेल.

प्रश्न संपले की मी एक खेळ देतो: आपली एखादी वस्तू ज्याने कधी पाहिली नाही, अशा माणसाला ती समजावून सांगा. भाकरी म्हणजे काय? ‘इट इज अ राउंड, फ्लॅट ब्रेड. वी मेक इट फ्रॉम जोवार, अ काइंड ऑफ मिलेट. माय मदर मेक्स इट विथ हर हँड्स, विदाउट अ रोलिंग पिन.’ शेवटचा तपशील एका मुलाने घातला आणि परदेशी पाहुण्यांना नेमका तोच महत्त्वाचा वाटला. पोळ्याविषयी सहावीतल्या एकाने सांगितले होते: ‘ऑन दॅट डे द बुलक्स डू नो वर्क. वी पेंट देअर हॉर्न्स. वी ईट आफ्टर देम.’ बैलांनंतर आपण जेवतो, हे त्याने सांगितले नसते तर पोळा हा नुसता रंगकामाचा सण वाटला असता.

त्या पहिल्या विद्यार्थ्याचे काय झाले, असे वाचक विचारतील. तो आठवडाभर शाळेत राहिला. संध्याकाळी लहान मुलांबरोबर भोजनगृहापर्यंत चालला. सातवीची मुले त्याला प्रश्न विचारत आणि तो लाजत लाजत उत्तरे देई. काही महिन्यांनी त्याला दुसरीकडे नोकरी लागली. मुलाखतीत कसे आलात असे विचारले होते, आणि रात्रीच्या एसटीपासून त्याने सुरुवात केली, एवढे त्याने फोनवर सांगितले. नोकरी त्यामुळे लागली की मोटारी रिवाइंड करता येत होत्या म्हणून, हे मी सांगू शकत नाही. बहुधा दुसरेच कारण असावे. पण ते त्यांना कळले, ते त्याने सांगितल्यामुळे.

आता पालकांसाठी. ‘सर, आम्हाला इंग्रजी येत नाही, आम्ही काय मदत करणार?’ असे आपण भेटीच्या दिवशी म्हणता. सुभेदार रामजी यांना इंग्रजी येत होते आणि त्यांनी लहानग्या भीमरावांकडून तर्खडकरांची भाषांतर पाठमाला करून घेतली, हे आपण सर्व जाणतो. भाषांतर म्हणजे आधी मराठी वाक्य, मग त्याचे इंग्रजी. मराठी वाक्यच नसेल तर भाषांतर कशाचे करावयाचे? मुलाच्या मनात भरीव मराठी उत्तर तयार करणे, एवढे काम आपल्याकडे आहे आणि ते आपल्याहून चांगले कोणी करू शकत नाही.

म्हणून रविवारी भेटीस याल तेव्हा ‘बरा आहेस ना?’ हा प्रश्न शेवटी ठेवा. ‘या आठवड्यात नवा मित्र कोण झाला, आणि तो कुठला?’ असे विचारा. ‘जेवणात काय आवडलं नाही, आणि ते तू कसं केलं असतंस?’ असे विचारा. कोणाशी भांडण झाले का, ते कशावरून झाले, आणि मिटले ते कोणी मिटवले? ‘तुझ्या वर्गात येऊन मी बसले तर मला काय दिसेल?’ असा प्रश्न एका आईने विचारला होता, तो मी वहीत लिहून ठेवला आहे आणि तुकड्यांमागून तुकड्यांना इंग्रजीतून विचारतो: ‘इफ माय मदर सॅट इन धिस क्लास, व्हॉट वुड शी सी?’ आपणही सांगावे: घरी काय चालले आहे, शेळीला किती करडे झाली, पाऊस किती पडला, उचल किती घेतली आणि का घेतली. मुले आपल्याकडूनच सविस्तर सांगणे शिकतात. आणि इतके विचारूनही पोराने खाली मान घालून ‘बरं चाललंय’ एवढेच म्हटले, तर घरून आणलेला डबा लगेच उघडू नये.